पंचकातले मृत्यू आणि संख्याशास्त्राची कसोटी

चंद्र धनिष्ठा नक्षत्राच्या उत्तरार्धात शिरल्यापासून रेवती नक्षत्र ओलांडेपर्यंतच्या काळाला पंचक म्हणतात. धनिष्ठेचा अर्धा भाग, शततारका, पूर्वाभाद्रपदा, उत्तराभाद्रपदा आणि रेवती अशी ही साडेचार नक्षत्रे. राशींच्या हिशेबात कुंभ आणि मीन. या काळात घरात कुणी गेले तर मागोमाग आणखी माणसे जातात, पाचाचा आकडा पुरा होतो, अशी समजूत महाराष्ट्रात सर्वदूर आहे. म्हणून अंत्यसंस्काराच्या वेळी मृतदेहासोबत पिठाचे किंवा दर्भाचे पुतळे ठेवून त्यांचेही दहन करतात आणि पुढे पंचकशांती करतात. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ‘पंचक’ या मराठी चित्रपटाचा विषयही हीच भीती होती. ज्या घरावर नुकताच आघात झाला आहे तिथल्या वडीलधाऱ्यांच्या मनात ‘आता कुणाची पाळी’ हा प्रश्न घर करून बसतो. ही भीती खरी असते आणि हेटाळणी केल्याने ती जात नाही. ती ज्या विधानावर उभी आहे ते विधान मात्र तपासता येते, कारण त्यातल्या दोन्ही गोष्टी मोजण्याजोग्या आहेत: मृत्यू पंचकात झाला की नाही आणि त्यानंतर त्या कुटुंबात आणखी कुणी गेले की नाही.

अशा तपासणीच्या पद्धतीला संख्याशास्त्रात परिकल्पना चाचणी म्हणतात. तिची रीत सुरुवातीला उलटी वाटते. पंचकाचा परिणाम होतो हे सिद्ध करायला निघायचे नाही. आधी तो मुळीच होत नाही असे धरून चालायचे. ही शून्य परिकल्पना. मग मोजणी करायची आणि विचारायचे, की पंचकाचा काही संबंध नसता तर निव्वळ योगायोगाने एवढी किंवा याहून मोठी तफावत किती वेळा दिसली असती? हे प्रमाण म्हणजे पी-मूल्य. ते शंभरात पाचांहून कमी निघाले तर शून्य परिकल्पना नाकारायची, अशी सर्वसाधारण प्रथा आहे. कोणती मर्यादा पाळायची हे मात्र आकडे पाहण्याआधी ठरवावे लागते.

या विचाराचे मूळ जुने आहे. जॉन अर्बथनॉट यांनी १७१० साली लंडनमधल्या ८२ वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी तपासल्या. दरवर्षी मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा जास्त निघाली. जन्म निव्वळ नाणेफेकीसारखा असता तर असे सलग ८२ वर्षे घडण्याची शक्यता जवळजवळ शून्य, हे त्यांनी गणिताने दाखवले. विसाव्या शतकात रोनाल्ड फिशर यांनी आणि नंतर येर्झी नेमन व एगॉन पिअर्सन यांनी या पद्धतीला आजचे रूप दिले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे याच काळात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संशोधन करत होते.

महाराष्ट्रात लोकसमजुतीची अशी रीतसर चाचणी झालेली आहे. डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ डॉ. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली. २०० मुलांच्या जन्मवेळांवरून कुंडल्या मांडल्या. त्यांतली निम्मी मुले अभ्यासात हुशार होती, निम्मी बौद्धिक अक्षमता असलेली. ५१ ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातली ते सांगायला सांगितले. नुसत्या अंदाजाने सरासरी २० उत्तरे बरोबर येतात. २८ किंवा त्याहून जास्त बरोबर आली तरच यश मानायचे, असे ठरले होते. अंदाजाने तसे होण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. उत्तरे २७ जणांकडून परत आली. सर्वाधिक गुण २४ आणि सरासरी सव्वासतराच्या आसपास. सगळ्या २०० कुंडल्या पाहणाऱ्या एका संस्थेची १०२ उत्तरे बरोबर आली. हा अभ्यास २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचे बळ निकालापेक्षा मांडणीत जास्त आहे: किती गुण पडले म्हणजे विद्या खरी मानायची, हे उत्तरपत्रिका हातात येण्याआधी ठरलेले होते.

पंचकाच्या बाबतीत असेच काही करायचे तर नागपूरची धंतोली ही त्यासाठी सोयीची जागा आहे, आणि अवघडही. सीताबर्डीला लागून असलेली ही जुनी वस्ती. रामकृष्ण मठ, बगीचा, प्रशस्त आवारांची घरे, आणि त्यांच्या मधोमध गल्लोगल्ली खासगी रुग्णालये. रुग्णालयांच्या दाटीमुळे उभ्या राहिलेल्या वाहनांचा प्रश्न इथल्या रहिवाशांनी थेट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत नेला आहे. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, भंडारा, गोंदियापासून मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाटपर्यंतचे गंभीर रुग्ण इथे येतात. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार मृत्यूची नोंद तो जिथे झाला तिथे होते, आणि ती २१ दिवसांत करायची असते. त्यामुळे गडचिरोलीच्या माणसाचा मृत्यू धंतोलीत झाला तर त्याची नोंद नागपूर महापालिकेकडे येते. नोंदी भरपूर मिळतात ही सोय झाली. अडचण अशी, की त्या माणसाच्या घरात पुढे कुणी गेले तर ती नोंद धंतोलीत सापडेलच असे नाही. ती गावच्या ग्रामपंचायतीत असू शकते. फक्त धंतोलीचे रजिस्टर चाळून निष्कर्ष काढणाऱ्याच्या हाती अर्धीच गोष्ट लागेल. कुटुंबांशी बोलल्याशिवाय ही मोजणी पुरी होत नाही.

मोजणीआधी एक हिशेब करणे फार गरजेचे आहे, आणि तोच बहुतेकदा राहून जातो: पंचकाचा काहीही परिणाम नसताना काय दिसले असते? नक्षत्रे २७, त्यांतली साडेचार पंचकातली. म्हणजे चंद्र आपला एक-षष्ठांश काळ पंचकात असतो. काही विशेष घडत नसले तरी दर सहा मृत्यूंमागे सरासरी एक पंचकात येणारच. त्याशिवाय त्रिपाद नक्षत्रांचीही भीती असते. कृत्तिका, पुनर्वसू, उत्तरा, विशाखा, उत्तराषाढा आणि पूर्वाभाद्रपदा ही ती सहा नक्षत्रे. यांत गेलेला माणूस आणखी तिघांना नेतो असे मानतात. पूर्वाभाद्रपदा दोन्ही यादींत आहे. ते एकदाच धरले तर पंचक आणि त्रिपाद मिळून साडेनऊ नक्षत्रे होतात. २७ पैकी साडेनऊ म्हणजे शंभरातले ३५. कुटुंबावर येणाऱ्या प्रत्येक तीन मृत्यूंपैकी सरासरी एक ‘वाईट’ नक्षत्रावर पडतो, तो असा.

दुसरा हिशेब नातेवाइकांचा. २०२० च्या नमुना नोंदणी पद्धतीनुसार भारताचा मृत्यूदर हजारी सहा होता. भाऊबंद, सोयरे, मामे-मावस नाती धरून एखाद्या घराच्या नात्यातली माणसे ३०० आहेत असे समजू. या ३०० जणांत वर्षाला सरासरी १.८ मृत्यू होतात. मृत्यू एकमेकांपासून स्वतंत्र धरले, तर पुढच्या वर्षभरात निदान एक मृत्यू होण्याची शक्यता शंभरात ८३ आहे. म्हणजे पंचकात गेलेल्या दर सहा माणसांपैकी पाचांच्या नात्यात वर्षाच्या आत आणखी कुणीतरी जाणार, नक्षत्र कोणतेही असो. पाच किंवा अधिक मृत्यू होण्याची शक्यताही अगदीच नगण्य नाही. ती शंभरात साडेतीनच्या पुढे आहे. नागपूरसारख्या शहरात पंचकात दगावणाऱ्यांची संख्या पाहता, ‘पाच जण गेले’ असे सांगणारी कुटुंबे दरवर्षी निघणारच. त्यांचे अनुभव खोटे नसतात. फक्त, ज्या घरांत पुढे काहीच घडले नाही ती घरे त्याबद्दल बोलत नाहीत, आणि पंचक नसताना ज्यांच्याकडे लागोपाठ चार माणसे गेली त्यांना पंचकाचा विचारही येत नाही.

म्हणून चाचणीची पहिली पायरी ही विधानाची दारे-खिडक्या बंद करण्याची आहे. ‘कुटुंब’ म्हणजे कोण? पती-पत्नी, आईवडील, भावंडे, मुले, सुना, जावई, नातवंडे, एवढेच. ‘मागोमाग’ म्हणजे किती दिवसांत? तेरा दिवस, सव्वा महिना की एक वर्ष? यांतले एकच निवडायचे आणि ते लिहून ठेवायचे. समजुतीत मुदत मोकळी असते: महिन्यात कुणी गेले नाही तर सहा महिने थांबतात, घरातले कुणी गेले नाही तर दूरच्या काकांचा मृत्यू मोजतात, तेही नसेल तर गोठ्यातली गाय धरतात. असे विधान कुठल्याच घटनेने खोटे ठरू शकत नाही, आणि जे खोटे ठरूच शकत नाही त्याची चाचणीही होऊ शकत नाही.

वेळेबद्दलही काटेकोर राहावे लागते. मृत्यूच्या दाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. आणि पंचक मध्यरात्री बारालाच लागते किंवा सुटते असे नाही. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी डॉक्टर जे वैद्यकीय प्रमाणपत्र भरतात, त्या नमुना क्रमांक ४ मध्ये तारखेपुढे वेळ लिहिण्याची जागा असते. ती वेळ पंचांगातल्या पंचकाच्या वेळेशी ताडून पाहावी लागते. एक-षष्ठांश हे प्रमाणही लांबच्या काळाची सरासरी आहे. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने त्याचा वेग बदलतो. एखाद्या वर्षी पंचक चार दिवसांच्या थोडे वर उरकते, एखाद्या वर्षी पाच दिवसांपर्यंत लांबते. त्यामुळे अभ्यासाच्या काळातले पंचकाचे प्रत्यक्ष तास मोजून अपेक्षित संख्या काढणेच बरोबर.

आता मुख्य तुलना. समजा, ६०० मृत्यूंच्या नोंदी घेतल्या. त्यांतले १०० पंचकातले आणि ५०० इतर काळातले. प्रत्येक कुटुंबाची वर्षभराची माहिती मिळवली. इतर काळातल्या ५०० पैकी ६० कुटुंबांत, म्हणजे शंभरात १२ ठिकाणी, वर्षाच्या आत आणखी एक मृत्यू झाला. पंचकाचा परिणाम नसेल तर त्या १०० कुटुंबांतही सुमारे १२ अपेक्षित. प्रत्यक्षात १५ निघाले तर? ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, कारण तो पाव पटीने जास्त आहे. पण योगायोगानेच एवढा किंवा याहून जास्त फरक पाचांत एकदा दिसतो. यावरून शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. आकडा २४ निघाला, म्हणजे दुप्पट, तर योगायोगाने तसे होण्याची शक्यता हजारात फार तर दोन-तीन. तेव्हा मात्र काहीतरी घडते आहे असे मानून कारण शोधायला लागावे.

कारण शोधताना नक्षत्राआधी पाहायच्या गोष्टी बऱ्याच आहेत. जोडीदाराच्या मृत्यूनंतरच्या काही महिन्यांत मागे राहिलेल्याचा मृत्यूचा धोका वाढतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळले आहे. शोक, एकटेपणा, औषधपाण्याकडे दुर्लक्ष, जेवणाची आबाळ, अशी त्याची कारणे आहेत. म्हणजे एका मृत्यूमागे दुसरा येण्याचे प्रमाण मुळातच वाढलेले असते, पंचक असो वा नसो. साथीच्या काळात तर मृत्यू स्वतंत्र राहतच नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत नागपुरात एकाच घरातली माणसे पाठोपाठ गेली. संसर्ग घरातल्या घरात पसरत होता. नागपूरचा मे महिनाही तसाच. उष्णतेची लाट एखाद्या पंचकावर आली तर त्या चार-पाच दिवसांत वयस्कांचे मृत्यू वाढतात आणि आकडा पंचकाच्या खात्यावर जातो. यावर उपाय असा, की प्रत्येक पंचकाची तुलना त्याच्याच आधीच्या आणि नंतरच्या आठवड्याशी करायची, आणि अभ्यास निदान काही वर्षांचा ठेवायचा. पंचक दर २७ दिवसांनी, वर्षातून तेरा-चौदा वेळा येते. ते सगळ्या ऋतूंतून फिरत राहते, हे इथे उपयोगी पडते.

समजूत मानणाऱ्यांचा एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. पंचकात मृत्यू होऊन पुढे काही घडले नाही, ते शांती केल्यामुळेच, असे ते म्हणतात. हे खरे मानले तर परिणाम दिसूच नये. शांती केलेली आणि न केलेली कुटुंबे समोरासमोर ठेवून हा आक्षेप सुटत नाही, कारण शांती न करणारी कुटुंबे शिक्षण, उत्पन्न, वय अशा इतर बाबींतही वेगळी असू शकतात. नागपूर शहरात मात्र याचे उत्तर शोधण्याची एक वाट आहे, आणि ती फार थोड्या शहरांत असेल. धंतोलीपासून थोड्याच अंतरावर दीक्षाभूमी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, आणि त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञाही आहे. शहरात बौद्ध आणि मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. त्यांच्या घरी पंचकशांती होत नाही. चंद्र मात्र सगळ्यांचा एकच. नक्षत्रामुळे मृत्यू ओढवत असतील, तर शांतीचे कवच नसलेल्या या घरांत पंचकाचा परिणाम ठळक दिसायला हवा. प्रत्येक समाजात पंचकातल्या मृत्यूंची तुलना त्याच समाजातल्या इतर मृत्यूंशी केली, की उत्पन्न आणि राहणीमानाचा प्रश्नही बराचसा बाजूला पडतो.

याच मांडणीतून आणखी एक शक्यता पारखता येते: नक्षत्राने नव्हे तर भीतीने माणसे जातात का? हा प्रश्न अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी विचारला होता. मँडरिन, कँटोनीज आणि जपानी भाषांत ‘चार’ आणि ‘मृत्यू’ यांचे उच्चार जवळजवळ सारखे असल्याने त्या भाषा बोलणारे अनेक जण चारचा आकडा अशुभ मानतात. फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी १९७३ ते १९९८ मधल्या नोंदी पाहून २००१ मध्ये मांडले, की चिनी आणि जपानी वंशाच्या अमेरिकनांत महिन्याच्या चार तारखेला हृदयविकाराचे मृत्यू सुमारे सात टक्क्यांनी जास्त असतात आणि गोऱ्या अमेरिकनांत तसे दिसत नाही. पुढच्याच वर्षी अर्थशास्त्रज्ञ गॅरी स्मिथ यांनी त्यावर बोट ठेवले: हृदयविकाराचे नेमके कोणते प्रकार मोजायचे, ही निवडच निकालाला अनुकूल होती, सगळे प्रकार घेतले तर चार तारखेचे वेगळेपण उरत नाही. २००३ मध्ये हाँगकाँगच्या नोंदींतही ते आढळले नाही.

‘आजी दिवाळीपर्यंत थांबली’ या आपल्याकडच्या बोलण्याची चाचणीही अशाच वळणाने गेली. कॅलिफोर्नियातल्या ७५ वर्षांवरील चिनी स्त्रियांचे मृत्यू शरद ऋतूत येणाऱ्या त्यांच्या एका सणाआधीच्या आठवड्यात ३५ टक्क्यांनी घटतात आणि नंतरच्या आठवड्यात तितकेच वाढतात, असे फिलिप्स यांनी १९९० मध्ये म्हटले होते. स्मिथ यांनी नंतरच्या वर्षांचे आकडे घेतले तेव्हा तो चढउतार दिसला नाही. ओहायो राज्यातल्या तीन लाखांहून अधिक कर्करोग-मृत्यूंचा अभ्यास २००४ मध्ये आला. नाताळ, थँक्सगिव्हिंग किंवा वाढदिवस यांसाठी मृत्यू लांबल्याची खूण त्यात नव्हती. स्वित्झर्लंडमधल्या वीस लाखांवर मृत्यूंच्या २०१२ मधल्या अभ्यासात मात्र वाढदिवशी मृत्यू जवळजवळ १४ टक्के जास्त निघाले. म्हणजे हे क्षेत्र अजून मिटलेले नाही, आणि एका अभ्यासावर विसंबून कोणत्याही बाजूने निकाल देणे घाईचे ठरते.

चारच्या आकड्याचा धडा पंचकाला थेट लागू पडतो. स्त्रिया आणि पुरुष, तरुण आणि वृद्ध, हृदयविकार आणि कर्करोग, तेरा दिवस आणि वर्ष, अशा वीस वेगवेगळ्या तुलना केल्या तर पंचकाचा काहीही परिणाम नसतानाही त्यांतली सरासरी एक तुलना शंभरात पाचांची मर्यादा ओलांडते. तेवढीच उचलून मथळा केला की समजुतीला विज्ञानाचा शिक्का बसतो. म्हणून एकच मुख्य तुलना आधी जाहीर करायची. बाकीच्या केल्या तर त्या सगळ्या, जमलेल्या आणि न जमलेल्या, छापायच्या.

चाचणीची ताकद किती, हेही आधीच काढावे लागते. दुसऱ्या मृत्यूचे प्रमाण पंचकामुळे १२ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर जात असेल, तर साधारण साडेपाचशे मृत्यूंच्या अभ्यासात ते पाचांत चार वेळा पकडले जाईल. वाढ १२ वरून १५ पर्यंतच असेल, तर तेवढ्याच भरवशासाठी सात हजारांहून अधिक मृत्यूंची कुटुंबवार माहिती लागेल. ६०० नोंदींत फरक दिसला नाही तर ‘दुपटीने वाढ होत नाही’ एवढे ठामपणे म्हणता येते. समजूत मुळात एका मृत्यूमागे आणखी चारांचे भाकीत करते, दहा-वीस टक्क्यांच्या वाढीचे नाही. त्यामुळे तिला पारखायला लहान अभ्यासही पुरतो. कुटुंबांकडे माहिती विचारायला जाताना शोकाचा काळ सरू द्यावा लागतो, नैतिकता समितीची परवानगी घ्यावी लागते, आणि माहिती विचारणाऱ्याला मृत्यू पंचकातला की नाही हे ठाऊक नसणे बरे, म्हणजे प्रश्न विचारण्यात नकळत फरक पडत नाही. मुलाखत घेणारा एक, पंचांग पाहणारा दुसरा. नागपुरात काही आढळलेच, तर तीच व्याख्या, तीच मुदत आणि तीच मर्यादा ठेवून अमरावती किंवा पुण्याच्या नोंदींवर मोजणी पुन्हा करावी लागते. चार तारखेचे मृत्यू हाँगकाँगच्या नोंदींत टिकले नाहीत. पंचकाचे टिकतात का, ते दुसऱ्या शहराच्या आकड्यांवरूनच ठरेल.